जायला की यायला?

कोल्हारच्या एसटी स्टॉपवर गुंजाळ सर उभे असताना त्यांना कुणी अंतर विचारू नये. मी स्वतः बघितलंय. हातात दोन पिशव्या, कडेवर नातू, अशा एका बाईंनी साधं विचारलं, "दादा, शिंगणापूर किती लांब हो इथून?" सरांनी चष्मा वर सरकवला आणि उलट विचारलं, "जायला की यायला?"

बाई म्हणाल्या, "आधी जाऊ तर द्या. यायचं मग बघू."

"तसं धरून चालत नाही," सर म्हणाले. "जायचं अंतर वेगळं, यायचं वेगळं. सकाळी तुम्हाला राहुरीला उतरल्या उतरल्या जीप मिळते. परत येताना दीड तास फाट्यावर बसावं लागतं. मग दोन्हीला एकच आकडा कसा सांगू मी?"

तेवढ्यात राहुरीची गाडी आली आणि गेलीसुद्धा. बाईंनी जाणाऱ्या गाडीकडे बघितलं, मग सरांकडे बघितलं, आणि नातवाला म्हणाल्या, "चल बाबा, आपण तिकडं उभं राहू." सर त्यांच्या मागे चार पावलं गेले. त्यांना अजून उत्तर पूर्ण करायचं होतं.

मी नसीम शेख. याच रस्त्यावरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण अजून नऊ वर्षं तिथेच काढायचीत. माझ्या वडिलांचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचे, "टायर गेलाय, पंक्चर काढून उपयोग नाही, उगाच माझा वेळ घेऊ नका." तीच जीभ माझ्या वाट्याला आली. जिथे ती चालायला हवी होती तिथे नेमकी चालली नाही, ते सांगायला बसलेय.

दत्तात्रय गुंजाळ आमच्याकडे गणित शिकवायचे, तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास घ्याल तेवढा पगार, मार्च संपला की घरी, जूनमध्ये परत अर्ज. असे सोळा अर्ज त्यांनी केले. सोळा वेळा 'मला अध्यापनाची मनापासून आवड आहे' असं लिहून दिलं. पहिल्या वर्षी ज्यांना त्यांनी शिकवलं त्यांची पोरं आता बालवाडीत गेली, पण संस्थेला अजून खात्री पटायची होती.

उंच, वाळके, शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि एसटीच्या जुन्या तिकिटांचा गठ्ठा. तिकिटं कशाला, असं मी एकदा विचारलं आणि माझी जेवणाची सुट्टी गेली. त्यांचा पीएच.डी.चा विषय होता अंतर जपणारी फंक्शन्स. माझ्या काउंटरवर कोपर टेकून त्यांनी समजावलं, "मॅडम, अंतर म्हणवून घ्यायचं तर काही नियम पाळावे लागतात. आपलं आपल्यापासून अंतर शून्य. जायला जेवढं तेवढंच यायला. आणि मधे वळसा घातला तर अंतर वाढेल नाहीतर तेवढंच राहील, कमी व्हायचं नाही. आता त्या अंतरावर काहीतरी क्रिया करा. वर्गमूळ काढा, भाडं लावा, काहीही. एवढं करूनही हे नियम टिकले, तर ती क्रिया अंतर जपते."

"आणि नाही टिकले तर?"

"मग ते अंतर राहत नाही. नुसता आकडा राहतो."

त्यांनी उदाहरण दिलं. सरळ रस्त्यावर तीन गावं, एकेका कोसावर. पहिल्या गावाहून तिसऱ्याला थेट दोन कोस. आता प्रत्येक अंतराचा वर्ग करा. मधले टप्पे एक आणि एक, पण थेट अंतर चार. म्हणजे मधे थांबून गेलं तर दोनच, थेट गेलं तर चार. नियम मोडला. "भावाभावांचं वाजलं की असंच होतं," सर म्हणाले. "थेट बोलायला चार, तिसऱ्यामार्फत दोन. वर्ग करू नये, मॅडम." पुढे कुणीही भांडणाची गोष्ट काढली की ते एवढंच म्हणायचे, "वर्ग केला त्यांनी."

एवढ्यावर थांबतील तर ते गुंजाळ सर कसले. त्यांनी नियमच एकेक करून ढिले केले होते. जायचं-यायचं सारखं नसलं तर? वळसा थोडा स्वस्त पडला तर? आपलं आपल्यापासूनच अंतर शून्य नसलं तर? असल्या अंतरांनाही कोणती फंक्शन्स जपतात, असा तो सगळा प्रबंध. शेवटच्या प्रश्नावर मला हसू आलं. ते शांतपणे म्हणाले, "हसू नका. आपले प्राचार्य सकाळी झेंडावंदनाला बोलतात आणि दुपारी केबिनमध्ये बोलतात. त्यांचं त्यांच्यापासून अंतर शून्य आहे का?" मला ताबडतोब पटलं.

एसटीचं भाडं टप्प्याटप्प्याने वाढतं, म्हणजे टप्पा अर्धा झाला तरी पैसे पूर्ण टप्प्याचे. हे भाडं वळशाचा नियम पाळतं हे त्यांनी कागदावर सिद्ध केलेलं होतं. तरी एका रविवारी ते नगरला निघाले आणि मुद्दाम राहुरीला उतरून, त्याच गाडीत परत चढून, पुढचं वेगळं तिकीट काढलं. दोन तिकिटांची बेरीज थेट तिकिटापेक्षा जास्त आली. सर एवढे खूश झाले की कंडक्टरने विचारलं, "मास्तर, जास्त पैशे गेले म्हनून हसनारं पाशिंजर पहिल्यांदा बघितलं. चेकिंगवाले हाय का तुमी?" ते उदाहरण, तीन गावांच्या नावांसकट, प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात इंग्रजीत गेलं.

शिपायाच्या हातून निरोप पाठवणं त्यांना मान्य नव्हतं. मधे माणूस आला की अंतर वाढलंच. त्यामुळे एका खडूसाठी ते स्वतः दोन जिने उतरायचे. शिपायाला सुरुवातीला बरं वाटलं. मग त्याला वाटायला लागलं की सर आपल्याला चोर समजतात, आणि त्याने वर्षभर अबोला धरला. सरांना ते कळलंच नाही, कारण त्यांनी त्याला कधी काही सांगितलंच नव्हतं.

लग्न झालं नाही. मुली बघायला गेले दोन-तीन ठिकाणी. एका ठिकाणी मुलीच्या वडिलांनी विचारलं, "पर्मनंट का?" आपल्याकडे यावर 'होईलच आता' असं म्हणायची पद्धत आहे. सगळे म्हणतात. सर म्हणाले, "मार्चअखेरपर्यंत." त्यांच्या पुढची पोह्यांची बशी काढून घेतली नाही एवढंच.

जामखेडच्या पुढे एका फाट्यावरून आत त्यांचं गाव. तिथे आई एकटी, दोन शेळ्या आणि थोडी कोरडवाहू तूर. शनिवारी दुपारचा तास संपला की सर निघायचे. नगरला गाडी बदलायची, दिवस मावळायच्या आत पोहोचायचे. सोमवारी पहिल्या गाडीने निघाले तरी नगरची पुढची गाडी हुकायची आणि पहिला तास बुडायचा. तो तास पगारातून जायचा. जायला की यायला हे त्या बाईंनी विनोदाने घेतलं असेल. हा माणूस दर आठवड्याला ते भोगत होता.

त्यांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. आईला कोल्हारला आणायचं. आणि आईचं म्हणणं ठाम होतं, ते सर तिच्याच शब्दांत सांगायचे, "मार्चाला संपती ती कसली नोकरी? पक्की लाग, मंग येते. शेळ्या इकून आले आन जूनमदी तुला न्हाईच घेतलं, तर मी कुटं जाऊ?" म्हातारीचं काय चुकलं? सेट-नेट दोन्ही परीक्षा सरांच्या थोडक्या मार्कांनी गेलेल्या. तेव्हा पीएच.डी. झाली तर पक्की नोकरी, आणि पक्की नोकरी लागली तर आई. यात कुठे वळसा नव्हता.

वळसा मी घातला.

एक दिवस प्राचार्यांनी मला बोलावलं. समोर संस्थेच्या सचिवांचा भाचा बसलेला. रोहन त्याचं नाव, गणितातच पीएच.डी. करत होता आणि आमच्याच कॉलेजच्या संशोधन केंद्रात नोंदणी होती. प्राचार्य म्हणाले, "शेख मॅडम, याला एखादा प्रबंध दाखवा. फॉरमॅट कळायला." गोड मुलगा. मला आंटी म्हणायचा. गुंजाळ सरांनी प्रबंध नुकताच विद्यापीठात दिला होता आणि त्यांची संदर्भसूची मी लावून दिली होती, म्हणून फाईल माझ्या कॉम्प्युटरवर होती. ती मी पेनड्राइव्हवर घातली आणि दिली. कुणी माझा हात धरून करवून घेतलं नाही.

आठ महिन्यांनी रोहनचा प्रबंध माझ्याकडे तपासणीला आला. दुसऱ्याचं उचललंय का ते बघायचं एक सॉफ्टवेअर असतं, ते चालवून दाखला द्यायचा हे ग्रंथपालाचं काम. चौथं प्रकरण पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत लाल झालं. सॉफ्टवेअरची गरजच नव्हती. एसटीच्या भाड्याचं उदाहरण होतं, कोल्हार, राहुरी आणि नगर. रोहन जन्मात एसटीत बसला नव्हता. तो कॉलेजलासुद्धा मामाच्या गाडीतून यायचा.

मी तो कागद घेऊन प्राचार्यांकडे गेले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. म्हणाले, "ते प्रकरण वगळून चालवा ना. सॉफ्टवेअरला गणित कुठे कळतं?" मग म्हणाले, "मुलीचं नर्सिंगचं कितवं वर्ष तुमच्या?"

दुसरं वर्ष होतं. नवरा टेम्पो विकून घरी बसला होता. ही कारणं आहेत, सबब म्हणून सांगत नाही. मी ते प्रकरण वगळलं. हिरवं आलं. दाखल्यावर सही केली, शिक्का मारला आणि जाऊन डबा खाल्ला. डब्यात मेथीची भाजी होती हेसुद्धा मला आठवतंय. तुम्हाला वाटेल, घास उतरला नसेल. चांगला उतरला.

रोहनचं सगळं झटपट झालं. त्याचे परीक्षक आले, जेवले, पदवी देऊन गेले. गुंजाळ सरांचा प्रबंध आधी गेलेला, तो कुणाच्या तरी टेबलावर दीड वर्ष पडून राहिला. मग एकाच महिन्यात दोन गोष्टी घडल्या. सरांच्या तोंडी परीक्षेची तारीख आली, आणि संस्थेने गणिताच्या एका पक्क्या जागेची जाहिरात काढली. तारखा जुळत होत्या. परीक्षा झाली की अर्जाच्या मुदतीत पदवीचं पत्र हातात पडणार होतं. सर मला विचारायला लागले, "मॅडम, मागे परसू असलेलं घर मिळेल का हो कोल्हारात? शेळ्या बांधायला." मी दोन घरं दाखवलीसुद्धा. रोहनचाही अर्ज येणार हे मला ठाऊक होतं. तरी मनाला सांगत होते, सोळा वर्षांचा अनुभव आहे, मुलाखत घेणाऱ्याला काहीतरी लाज असेल.

परीक्षेच्या आधल्या आठवड्यात सर लायब्ररीत आले आणि प्रबंधांच्या कपाटापाशी गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात रोहनचा प्रबंध होता. काळी बांधणी, सोनेरी अक्षरं. खिडकीजवळ बसले आणि वाचायला लागले.

खाई त्याला खवखवे म्हणतात. मी त्या दिवशी एकच कार्ड सहा वेळा लावलं. पोरं पुस्तकं मागत होती, मी भलतीच देत होते. सर मान वर करत नव्हते. पहिल्या पानांवर बराच वेळ थांबले, मग पुढे गेले. तीन तासांनी त्यांनी खिशातलं पेन काढून एका कागदावर काहीतरी लिहिलं, उठले आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"मॅडम, चूक सापडली."

मी विचारलं, "कुणाची?"

"माझी."

त्यांनी कागद पुढे केला. चौथ्या प्रकरणातलं मुख्य प्रमेय. विषय असा की जायचं आणि यायचं अंतर वेगळं असतानाही अमुक जातीची फंक्शन्स चालतात. आणि सिद्धतेच्या मधल्या एका ओळीत सरांनी जायच्या अंतराच्या जागी यायचं अंतर टाकलं होतं. दोन्ही सारखीच आहेत असं धरून. ज्या माणसाने हे सांगता सांगता लोकांच्या गाड्या चुकवल्या, त्या माणसाने. दुसऱ्या कुणाची असती तर मी ही गोष्ट स्टाफरूममध्ये रंगवून सांगितली असती.

"एवढं प्रमेय पडतं," सर म्हणाले. "बाकीची चार उभी राहतात." मग रोहनचा प्रबंध त्यांनी त्याच्या नंबरावर नीट परत ठेवला आणि गेले. त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

सरांनी ही चूक परीक्षेत स्वतःहून सांगायचं ठरवलं तेव्हा त्यांच्या मार्गदर्शकांनी फोनवर कपाळाला हात लावला असणार. म्हणाले, आधी परीक्षा होऊ दे, मग दुरुस्त कर. प्राचार्य म्हणाले, "हात दाखवून अवलक्षण कशाला, गुंजाळ?" आयुष्यात पहिल्यांदा माझं आणि प्राचार्यांचं एकमत झालं. मी सरांना स्पष्ट सांगितलं, "तोंड बंद ठेवा. नोकरी लागू द्या, आईला आणा, मग जन्मभर चुका दुरुस्त करत बसा."

"आणि उद्या कुणी त्या प्रमेयावर पुढचं काही बांधलं तर?"

"कोण बांधतंय सर? मी सोडून तो प्रबंध कुणी वाचलेलासुद्धा नाही."

"एकाने तरी वाचलाय ना," ते म्हणाले. मला वाटलं, रोहनबद्दल बोलतायत; ते स्वतःबद्दल बोलत होते हे पुढे कळलं.

परीक्षेला मी पुण्याला गेले होते. खोलीत अकरा माणसं, त्यातली सहा समोशासाठी. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चांगलं बोलून शेवटी विचारलं, "कुणाला काही शंका?" कुणालाच नव्हती. सर म्हणाले, "मला आहे." आणि फळ्याकडे गेले. पाच मिनिटांत त्यांनी स्वतःचं प्रमेय स्वतःच्या हाताने पाडलं. परीक्षक उठून फळ्यापाशी गेले. म्हणाले, "माझ्या हे लक्षात आलं नव्हतं." सर म्हणाले, "माझ्याही सहा वर्षं आलं नव्हतं, सर."

परीक्षक चांगला माणूस होता, तिथेच घात झाला. हरामखोर असता तर कानाडोळा केला असता. त्याने लिहिलं, दुरुस्ती करून पुन्हा सादर करावे. नियमाप्रमाणे बरोबर होतं. दुरुस्ती, पुन्हा तपासणी, सहा महिने. अर्जाची मुदत तीन आठवड्यांत संपली.

जागा रोहनला मिळाली, एकमताने. ज्याने चूक शोधली त्याला दुरुस्ती आणि ज्याने चूक चोरली त्याला नोकरी. स्टाफरूममध्ये पेढे वाटले. सरांनी पेढा घेतला, रोहनचं अभिनंदन केलं आणि हळूच म्हणाले, "तुमचं चौथं प्रकरण एकदा पुन्हा बघा." रोहन म्हणाला, "हो सर, नक्की." नंतर मला बाजूला घेऊन विचारलं, "आंटी, चौथ्या प्रकरणात काय आहे?"

पक्का माणूस आला म्हटल्यावर तासिकावाल्याला तास उरले नाहीत. मार्चअखेर सरांनी कपाट रिकामं केलं. निरोपसमारंभ झाला नाही, कारण कागदोपत्री ते दरवर्षीच जात होते.

त्यांच्या कागदांचं एक खोकं माझ्याकडे राहिलं होतं. कुरिअरने पाठवता आलं असतं. मे महिन्यातल्या एका रविवारी मी ते घेऊन स्वतः निघाले. तोंड बंद ठेवून ठेवून मला माझीच शिसारी यायला लागली होती. सगळं सांगून टाकायचं ठरवलं होतं. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मी त्या पदरात घेऊन परत आले असते.

सर फाट्यावर छत्री घेऊन उभे होते. जामखेडला एका खाजगी क्लासमध्ये दहावीच्या मुलांना शिकवत होते. त्यांनी खोकं खांद्यावर घेतलं, छत्री माझ्या हातात दिली आणि आम्ही चालायला लागलो. दोन्ही बाजूंना नुसती नांगरून ठेवलेली ढेकळं.

मी म्हणाले, "सर, तुमची फाईल रोहनला मी दिली होती."

"माहीत आहे."

"आणि त्याच्या दाखल्यावर सही—"

"तीही बघितली. पहिल्या चार पानांतच असते ती."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

त्यांनी खोकं दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "बोललो असतो तर कुणाचं काय झालं असतं? रोहनला मामा आहे. प्राचार्यांची कागदावर कुठे सही नाही. नाव एकट्या तुमचं होतं, मॅडम."

मला राग आला. खरंच आला. मी म्हणाले, "मग माझ्यावर रागवायचं तरी. एवढं मोठं मन मला नको होतं."

"रागावलो होतो ना," ते म्हणाले. "त्या दिवशी खिडकीत तीन तास बसलो, त्यातला पहिला तास त्यातच गेला. मग पुढे वाचलं आणि चूक दिसली. माझ्या नावाखाली वाचताना कधी दिसली नव्हती. दुसऱ्याचं म्हणून वाचलं तेव्हा दिसली." थोडं चालल्यावर म्हणाले, "एक करा. आईसमोर हे काढू नका. तिला मी सांगितलंय की माझं गणित चुकलं, म्हणून दुसऱ्याला घेतलं."

"हे खोटं आहे, सर."

"अर्धं खरं आहे. आणि तिला ते पटलंय. सोळा वर्षं तिने पक्क्या नोकरीची वाट बघितली. ती मिळण्यातली नव्हतीच, हे तिला आता कशाला सांगायचं?"

घर दोन खोल्यांचं, पत्र्याचं. आई ओट्यावर बसून तुरीची डाळ पाखडत होती. "या बाई, बसा सावलीला," म्हणाली. सर आत चहा करायला गेले. आईला कमी ऐकू येतं, म्हणून तिचं बोलणं मोठ्याने होतं, आतपर्यंत जाईल असं.

"आमच्या दत्तूचं गनित चुकलं म्हनं."

मी मान हलवली.

"मी म्हनलं, मंग बरूबर केलं त्यांनी. चुकीचं गनित घिऊन पोरास्नी काय शिकवनार? ज्याचं बरूबर आलं त्याला दिली. न्यायाचं झालं." तिने सुपातले खडे वेचून बाजूला टाकले. "गावात लोक लई वंगाळ बोलत्यात. कालेजात वशिला लागतो, आसं लागतं, तसं लागतं. मी सांगते त्यास्नी, न्हाई बाबा. आमच्या पोराचं चुकलं हुतं, त्यानं सोता सांगितलं."

आत स्टोव्हचा आवाज बंद झाला होता. पण सर बाहेर येत नव्हते.

"तुमी लई मदत केली म्हनं त्याला. समदं वाचलं म्हनं."

"वाचलं," मी म्हणाले.

"तुमचंबी गनितच का?"

"नाही. मी तिथली पुस्तकं सांभाळते."

"मंग बरंय," आई म्हणाली. "तुमचं काय चुकायचं भ्या न्हाई."

ती उठली आणि सूप घेऊन माझ्या पिशवीपाशी आली. घरची डाळ हाय, न्या लेकराबाळांस्नी, असं काहीतरी म्हणाली. मी पिशवीचं तोंड उघडलं आणि सगळी डाळ पडेपर्यंत दोन्ही हातांनी धरून ठेवलं.